अजिंठ्याच्या भिंती, चार आगी आणि कारागिराचा हात

काही महिन्यांपूर्वी एका वस्तीतील विहाराच्या नूतनीकरणासंबंधी विचारविनिमय करण्यासाठी आम्हांस बोलावणे आले होते. विहार लहान. पत्र्याचे छप्पर जाऊन नुकताच स्लॅब पडलेला, भिंतींना नवा गिलावा झालेला. बुद्धमूर्तीच्या मागील भिंतीवर अजिंठ्याचा पद्मपाणी असावा याविषयी सर्वांचे एकमत होते. मतभेद होता तो चित्र कसे असावे याविषयी. तरुण कार्यकर्त्यांचे म्हणणे असे की, संगणकावरून स्वच्छ छायाचित्र घेऊन त्याचा फ्लेक्स छापून घ्यावा. एका दिवसात काम होते आणि खर्चही बेताचा. वडीलधाऱ्या उपासकांचे म्हणणे असे की, वस्तीतल्याच पेंटरकडून भिंतीवर चित्र काढून घ्यावे. हा पेंटर एके काळी पंचक्रोशीत प्रसिद्ध होता. चौदा एप्रिल जवळ आला की त्याला जेवावयासही सवड नसे. निळ्या पाट्या, पंचशील ध्वज, बाबासाहेबांचे कोटातील चित्र, कमानीवरील अक्षरे, हे सारे त्याच्या हातचे. फ्लेक्सची यंत्रे तालुक्याला आली आणि त्याचे ब्रश डब्यात वाळून गेले. बैठकीत त्याला कोणी बोलावले नव्हते. तो दाराशी उभा राहून ऐकत होता.

चर्चा रंगात आली असता एका युवकाने प्रश्न केला, "बाबासाहेब यंत्राच्या बाजूचे होते ना? मग हाताने काढलेल्याच चित्राचा हा हट्ट म्हणजे आपल्या घरात शिरलेला गांधीवाद नव्हे काय?" बैठक क्षणभर निःशब्द झाली. आम्ही त्या वेळी काहीतरी उत्तर दिले. परंतु ते आमचे आम्हांलाच पुरेसे वाटले नाही. हा लेख त्या अपुऱ्या उत्तराची भरपाई समजावी.

प्रश्न टाळण्याजोगा नाही, कारण त्याचा पूर्वपक्ष खरा आहे. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस व गांधी यांच्या अस्पृश्यविषयक कार्याची झडती घेणाऱ्या ग्रंथात यंत्राची बाजू निःसंदिग्धपणे मांडली आहे. त्यांच्या प्रतिपादनाचे सार असे की, पशूला देह जगविण्यापलीकडे काही साधावयाचे नसते, मनुष्याला मात्र मनाचे जीवन जगावयाचे असते. त्यासाठी फुरसत लागते, आणि देहकष्टातून सुटका करून ती फुरसत निर्माण करणारे साधन म्हणजे यंत्र. यंत्रयुगात जे अनिष्ट घडले त्याचा दोष त्यांनी यंत्राला दिला नाही, तर खाजगी मालमत्ता आणि वैयक्तिक लाभ यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेला दिला. तत्पूर्वी १९३६ साली 'जातिनिर्मूलन' या निबंधात त्यांनी दाखवून दिले होते की, जातिव्यवस्था ही केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच विभागणी आहे. मेलेले ढोर ओढणारा हातही हातच होता; मैला उचलणारा हातही हातच होता. ज्या समाजात हाताच्या कामाची जात जन्माआधीच ठरलेली होती, त्या समाजात 'हस्तकलेची थोरवी' हे शब्द आम्हांस जपूनच उच्चारावे लागतात. बापाचा धंदा मुलाने करावा यातच कलेचे रक्षण आहे असे जे सांगतात, त्यांच्या पंक्तीस आम्ही बसू शकत नाही.

मात्र यंत्र आले म्हणजे जात गेली, असेही घडले नाही. मुंबईच्या कापडगिरण्या हे त्या काळचे सर्वांत प्रगत यंत्रगृह. तेथील विणाई खात्यात अस्पृश्य कामगारांस प्रवेश नव्हता. धोट्यातील दोरा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या ओठांचा स्पर्श झालेला धोटा इतरांस चालत नव्हता. विणाईत मजुरी अधिक; म्हणून ही बंदी केवळ अपमानाची नव्हे, पोटावरचीही होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे आग्रहाने ठेवला. वाफेच्या आणि विजेच्या बळावर चालणारा माग तोच होता, परंतु त्याच्यासमोर कोणी उभे राहावे हे मनूच ठरवीत होता. तेव्हा हात की यंत्र, हा प्रश्न त्या स्वरूपात अपुरा आहे. कोणाचा हात, कोणाच्या इच्छेने चालणारा हात, आणि त्या हाताचे नाव कोठे लिहिले जाते, हे विचारल्यावाचून आम्हांस पुढे जाता येत नाही.

या दृष्टीने प्राचीन बौद्ध परंपरेकडे पाहिले तर दोन साक्षी लगेच समोर येतात. आपण प्रत्येक मंगल प्रसंगी मंगलसुत्त म्हणतो. त्यात तथागतांनी बहुश्रुतपणाच्या शेजारी सिप्प, म्हणजे शिल्प, हातातील विद्या, हिला उत्तम मंगल म्हटले आहे. मुखोद्गत झालेल्या गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही, म्हणून हे मुद्दाम सांगितले. दुसरी साक्ष विनयपिटकाची. पाचित्तिय नियमांपैकी दुसरा नियम ओमसवादाचा, अर्थात् दुसऱ्याला हिणवून बोलण्याचा. त्याच्या विवरणात तत्कालीन समाज कोणती शिल्पे हीन मानीत असे त्यांची यादी आली आहे: नळकार, कुंभकार, पेसकार म्हणजे विणकर, चम्मकार आणि न्हापित. समाजाची दृष्टी काय होती ते संघाने लपविले नाही. परंतु भिक्खूने भिक्खूला या शिल्पावरून टोमणा मारणे हा अपराध ठरविला.

आता ही यादी हाती धरून सह्याद्रीतील लेण्यांकडे चला. नाशिकजवळची बौद्ध लेणी लोक अजूनही 'पांडवलेणी' म्हणतात; पांडवांचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगण्याची गरज नसावी. तेथील दहाव्या लेण्यात उषवदाताचा वर्ष ४२ चा शिलालेख आहे. त्याने भिक्खुसंघासाठी ३००० कार्षापण कायम ठेव म्हणून दिले, आणि ती ठेव ठेवली कोणाकडे? गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, दरमहा शेकडा एक या दराने. दुसरीकडे १०००, दरमहा शेकडा पाऊण या दराने. पहिल्या रकमेच्या व्याजातून वर्षावासातील वीस भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळावयाचे होते. जुन्नरच्या एका लेखात अशीच ठेव वंसकारांच्या, म्हणजे बांबूकाम करणाऱ्यांच्या, आणि कासकारांच्या श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. ज्यांच्या शिल्पाला समाज हीन म्हणत होता, त्या पेसकार-वंसकारांच्या विश्वासावर संघाची चीवरे अवलंबून होती. अक्षयनीवी ही अक्षय राहील अशी खात्री ज्यांच्याविषयी वाटे, ते हात कसबी होतेच, शिवाय संघटितही होते.

आणि ते हात आपले नाव लिहीत होते. कार्ल्याच्या चैत्यगृहात धेनुकाकट येथील सामी या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, दर्शनी द्वाराचे काम केल्याचा लेख आहे. कोंडाण्याच्या लेण्यात कान्हाचा शिष्य बालक याने ते काम केल्याचे कोरलेले आहे. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी रूपकाम केल्याची नोंद आहे. तेथेच सातकर्णी राजाच्या कारागिरांचा प्रमुख आनंद याचेही दान नोंदलेले आहे. कल्याणचा सोनार आणि कल्याणचा लोहार कान्हेरीला दाते म्हणून भेटतात. कुड्याला माळाकार भेटतो. हे लेख वाचताना आमच्या मनात नेहमी एक गोष्ट येते. या माणसांना कोणी वेठीला धरून आणले नव्हते. ज्याचे नाव दानाच्या लेखात येते, त्याच्या श्रमाला त्याची स्वतःची चेतना जोडलेली असते. आणि चेतनेवाचून कम्म नाही, ही तर आपल्या धम्माची पहिली शिकवण. हाताने केलेल्या वस्तूचे मोल तिला लागलेल्या घामावर ठरत असते, तर वेठबिगारीइतकी थोर कला दुसरी नसती.

अजिंठ्याला आल्यावर मात्र चित्र पालटते. नवव्या आणि दहाव्या लेण्यांतील प्राचीन चित्रे इसवी सनापूर्वीची. १, २, १६ आणि १७ या लेण्यांतील जगप्रसिद्ध चित्रे पाचव्या शतकातील, वाकाटक नृपती हरिषेणाच्या काळातील. सोळाव्या लेण्याचा दाता मंत्री वराहदेव आणि सव्विसाव्या लेण्याचा दाता भिक्खू बुद्धभद्र यांची नावे शिलालेखांतून टिकली. चित्र काढणाऱ्यांची नावे टिकली नाहीत. सामी सुतारापासून पाच शतकांच्या आतच कारागीर लेखाबाहेर गेला. या घटनेवर आमच्या इतिहासकारांनी अधिक विचार करावयास हवा. दगड तोच, डोंगररांग तीच, मग नाव का गळाले?

नाव गळाले तरी काम राहिले. ते काम कसे झाले हे समजून घेतले तर हात म्हणजे काय ते कळते. खडकाच्या खडबडीत पृष्ठावर प्रथम मातीचा गिलावा. त्यात भाताचा कोंडा, गवत, वनस्पतींचे तंतू मिसळलेले, म्हणजे वाळताना तडा जाऊ नये. त्यावर अधिक बारीक थर, त्यावर चुन्याचा पातळ हात. पृष्ठ कोरडे झाल्यावर गेरूने रेषा. नंतर रंग: गेरू, पिवळी माती, काजळी, पांढरी माती, हिरवी माती, एक निळा तेवढा दूरचा, अफगाणिस्तानातील बदख्शानच्या राजावर्ताचा. बाकी सारे आसपासच्या दऱ्याखोऱ्यांतले. अंधाऱ्या लेण्यात, परावर्तित केलेल्या उजेडात किंवा दिव्याच्या ज्योतीत हे काम चालले असावे. युरोपातील ओल्या गिलाव्यावरील भित्तिचित्रांच्या नावाने ही चित्रे ओळखली जातात, परंतु ती त्या पद्धतीची नाहीत. येथे रंग कोरड्या पृष्ठावर डिंक-सरसाच्या आधाराने बसविला आहे. म्हणूनच तो इतका नाजूक आहे, आणि म्हणूनच पुढील इतिहास इतका दुःखद आहे.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास घोडदळाचा जॉन स्मिथ हा अधिकारी दहाव्या लेण्यात शिरला आणि त्याने एका खांबावरील चित्रावर आपले नाव व तारीख खरडली. ज्या भिंतींवर चित्रकाराचे नाव नाही तेथे हे नाव आजही वाचता येते. १८४३ साली जेम्स फर्ग्युसनने लेण्यांच्या दुरवस्थेकडे लक्ष वेधले आणि १८४४ मध्ये मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल याची चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. गिल जवळजवळ दोन दशके अजिंठ्यास राहिला. ताप, वन्य पशू, वटवाघळे, ओल यांच्याशी झगडत त्याने मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगात नकला केल्या. त्या लंडनला गेल्या, सिडनहॅमच्या स्फटिकप्रासादात मांडल्या गेल्या, आणि डिसेंबर १८६६ मध्ये तेथे लागलेल्या आगीत त्यांतील बहुतेक भस्मसात झाल्या. वीस वर्षांचे काम एका रात्रीत गेले. गिल पुन्हा कामाला लागला. तोपर्यंत त्याच्या हाती कॅमेराही आला होता. १८७९ मध्ये तो वारला आणि भुसावळला त्याचे दफन झाले.

दुसरा प्रयत्न मुंबईचा. सर ज. जी. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून १८८५ पर्यंत, मध्ये खंड पडत, आपल्या विद्यार्थ्यांसह हिवाळ्यामागून हिवाळे अजिंठ्यात घालविले. पेस्तनजी बोमनजी हे त्या विद्यार्थ्यांपैकी प्रमुख. सुमारे तीनशे चित्रे तयार झाली. तीही लंडनला दक्षिण केन्सिंग्टनच्या संग्रहात गेली, आणि १८८५ साली तेथेही आग लागली. उरलेल्या चित्रांच्या आधारे ग्रिफिथ्स यांचे दोन खंड १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाले. उरलेले कॅनव्हास आजच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट वस्तुसंग्रहालयात आहेत. खंडांवर नाव ग्रिफिथ्सचे. मुंबईच्या विद्यार्थ्यांची नावे आजही फारशी कोणाच्या तोंडी नाहीत. वाचकांस वराहदेव आठवेल.

या नकलाकारांचे गुणगान करताना एक दोष सांगितलाच पाहिजे. मूळ चित्र स्पष्ट दिसावे म्हणून ग्रिफिथ्सच्या चमूने भिंतींवर व्हार्निश दिले. त्या क्षणी रंग उजळले. पुढे तेच व्हार्निश पिवळे पडले, धूळ धरू लागले, पापुद्रे घेऊन सुटू लागले. प्रेमाने केलेला स्पर्शही घातक होतो. हाताने केले ते सारे निर्मळ, ही समजूत अजिंठ्याच्या भिंतींपुढे टिकत नाही.

१९०९ ते १९११ या काळात लेडी ख्रिस्तियाना हेरिंगहॅम दोन हिवाळे अजिंठ्यास येऊन राहिल्या. त्यांच्यासोबत कलकत्त्याहून नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त आणि के. वेंकटप्पा हे तरुण चित्रकार, तर हैदराबादहून सय्यद अहमद आणि मुहम्मद फजलुद्दीन आले. त्यांच्या नकला १९१५ मध्ये लंडनच्या इंडिया सोसायटीने प्रसिद्ध केल्या. त्यानंतर जपानचे चित्रकार काम्पो अराई रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून भारतात आले व त्यांनीही अजिंठ्याच्या नकला केल्या. त्या तोकियोच्या विद्यापीठात ठेवल्या होत्या. १ सप्टेंबर १९२३ च्या महाभूकंपानंतर उसळलेल्या आगीत त्या गेल्या. ही तिसरी आग.

येथे वाचक विचारील: जे पुनःपुन्हा जळते ते पुनःपुन्हा का करावयाचे? १९२० च्या दशकात हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व विभागाने गुलाम यझदानी यांच्या देखरेखीखाली अजिंठ्याची रंगीत छायाचित्रे घेवविली. त्यांचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात प्रसिद्ध झाले. अनेक वर्षे नकलाकारांनी जे साधले नाही ते कॅमेऱ्याने साधले. कॅमेरा जखम आणि रेषा दोन्ही सारख्याच निष्ठेने टिपतो. तो गळालेला डोळा आपल्या कल्पनेने भरीत नाही. गिलने भरला, ग्रिफिथ्सच्या विद्यार्थ्यांनी क्वचित भरला. १९९१ पासून बिनॉय बहल यांनी प्रखर दिव्यांवाचून, अत्यल्प उजेडात घेतलेली छायाचित्रे पाहिली तेव्हा कित्येक रंग आम्हांस प्रथमच दिसले. भिंतीसमोर उभे राहूनही ते दिसले नव्हते. हे यंत्राचे ऋण आहे आणि ते मान्य करण्यात कसला कमीपणा?

परंतु छायाचित्रणाला जे साधले नाही तेही सांगितले पाहिजे. नकलाकाराला भुवईची रेषा स्वतःच्या मनगटातून जाऊ द्यावी लागते. पद्मपाणीची भुवई एका वळणात ओढली आहे की तुकड्यातुकड्यांनी, ब्रश कोठे टेकला, कोठे हलका झाला, हे डोळ्याला उशिरा कळते; हाताला आधी कळते, कारण हात चुकतो. चुकल्यावर पुन्हा पाहावे लागते. एका चेहऱ्यापुढे महिना काढणारा मनुष्य जे पाहतो, ते आपण पाच मिनिटांच्या रांगेत पाहत नाही. अशा पाहण्याला आपल्या परंपरेत शब्द आहे, सती. स्मृती आणि जागरूकता दोन्ही ज्यात येतात तो. नकला जळाल्या, तरी ज्यांनी त्या केल्या त्यांचे हात जळाले नाहीत. तरुणपणी अजिंठ्याच्या भिंतींपुढे बसलेल्या नंदलाल बोसांचेच उदाहरण घ्या. चाळीस वर्षांनी, भारतीय संविधानाची मूळ प्रत सजविण्याचे काम त्यांच्याकडे व त्यांच्या शांतिनिकेतनातील सहकाऱ्यांकडे आले.

त्या प्रतीकडे आपले लक्ष फारसे जात नाही. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष यंत्राचे पुरस्कर्ते. राष्ट्राजवळ छापखाने भरपूर. तरीही संविधानाची मूळ इंग्रजी प्रत प्रेमबिहारी नारायण रायजादा या सुलेखनकाराने आरंभापासून अखेरपर्यंत टाकाने हाताने लिहिली. पानांवर 'प्रेम' ही त्याची नाममुद्रा आहे. बुद्धजीवनातील एक प्रसंग आणि सम्राट अशोकाच्या धम्मप्रसाराचे दृश्य तिच्या चित्रांत आहे. २४ जानेवारी १९५० रोजी संविधान सभेच्या सदस्यांनी तिच्यावर स्वाक्षऱ्या केल्या. आणि नंतर देहरादून येथे सर्व्हे ऑफ इंडियाच्या यंत्रांवर तिच्या शिलामुद्रित प्रती काढल्या गेल्या. हाताने एक, यंत्राने अनेक. त्या युवकाच्या प्रश्नाला आम्ही त्या दिवशी जे उत्तर द्यावयास हवे होते ते हे.

बहुलीकरणाचे यंत्र बौद्धांना परके कधीच नव्हते. तथागतांचा धम्म बहुजनांच्या हितासाठी असेल तर त्याच्या प्रती बहुजनांपर्यंत पोचल्याच पाहिजेत. कान्हेरीसारख्या स्थळी साच्यातून काढलेल्या मृण्मुद्रा मिळतात. जपानच्या सम्राज्ञी शोतोकू यांनी आठव्या शतकात लहान लाकडी स्तूपांत ठेवण्यासाठी धारणीमंत्र छापवून घेतले. परंपरेनुसार त्यांची संख्या दहा लक्ष. चीनमध्ये ठशांनी छापलेले आणि इ. स. ८६८ ही तारीख असलेले वज्रच्छेदिका सूत्र तुनहुआंग येथे मिळाले. आपल्या मातापित्यांच्या वतीने सर्वांस विनामूल्य वाटण्यासाठी ते छापविले, असे छापविणाऱ्याने त्यात नमूद केले आहे. छपाईच्या इतिहासाची पहिली पाने अशी बौद्धांच्या दानवृत्तीने लिहिली आहेत. जे बौद्ध असून छापील प्रतिमेला नाक मुरडतात त्यांनी हे ध्यानी घ्यावे.

शोतोकूंच्या त्या लाकडी स्तूपांपैकी चाळीस हजारांहून अधिक ज्या विहारात टिकले, त्या होर्यूजीतच चौथी आग लागली. होर्यूजीच्या मुख्य मंदिरात सातव्या-आठव्या शतकांच्या संधिकाळातील बारा मोठी भित्तिचित्रे होती. अजिंठ्याच्या बोधिसत्त्वांशी त्यांचे नाते अभ्यासकांनी वारंवार दाखविले आहे. १९३५ साली क्योतोच्या बेन्रिदो या मुद्रणसंस्थेने काचेच्या पट्ट्यांवर त्यांची मूळ आकारातील छायाचित्रे घेतली. १९४० पासून हाताने नकला करण्याचे काम सुरू झाले, आणि त्या चित्रकारांत कोण होते? तेच काम्पो अराई, ज्यांच्या अजिंठ्याच्या नकला १९२३ मध्ये जळाल्या होत्या. उतारवयात ते पुन्हा एका भिंतीपुढे बसले. १९४५ साली, काम अपुरे असतानाच ते वारले. २६ जानेवारी १९४९ च्या पहाटे मंदिराला आग लागली व भित्तिचित्रांचे रंग करपून गेले. हिवाळ्यात चित्रकार बसावयास वापरीत त्या विजेच्या गाद्यांवर संशय गेला. त्या आगीने हादरलेल्या जपानने पुढच्याच वर्षी सांस्कृतिक वारशाच्या संरक्षणाचा कायदा केला.

पुढे जे झाले ते आम्हांस फार मोलाचे वाटते. १९६७ मध्ये चित्रे पुन्हा करण्याचे ठरले. १९३५ च्या काचपट्ट्यांवरून मूळ आकाराची फिकट छपाई हातकागदावर काढण्यात आली, आणि यासुदा युकिहिको, माएदा सेइसोन प्रभृती चित्रकारांच्या गटांनी तिच्यावर हाताने रंग भरले. वर्षभरात, १९६८ साली, नवी चित्रे मंदिरात बसली. काचपट्ट्या नसत्या तर हाताला आधार नव्हता. हात नसता तर काचपट्टी ही जळालेल्या घराची छायाचित्रे असतात तशी केवळ आठवण राहिली असती. जळालेल्या मूळ भिंतीही टाकून दिल्या नाहीत. त्या वेगळ्या इमारतीत काळवंडलेल्या स्थितीत जपल्या आहेत.

आता आमच्या विहाराच्या भिंतीकडे वळतो. आज संगणकाला दोन वाक्ये सांगितली की तो क्षणात बुद्धाचे चित्र तयार करून देतो. त्यात कधी बोटे सहा असतात, कधी चीवर उजव्या खांद्यावर. तरीही ते जयंतीच्या फलकावर चढते, कारण कोणी पाहिलेलेच नसते. आमचा आक्षेप यंत्राने चित्र केले यावर नाही. ते कोणीच पाहिले नाही, करणाऱ्यानेही नाही आणि लावणाऱ्यानेही नाही, यावर आहे. आणि दुसरा आक्षेप असा की, ज्या पेंटरच्या ब्रशाने तीस वर्षे या चळवळीच्या भिंती बोलत्या ठेवल्या, त्याला आपण त्याच्या हातातील कसबासह दाराबाहेर उभे केले, आणि त्याला नाव दिले प्रगती. बाबासाहेबांनी यंत्राकडून फुरसत मागितली होती. ही फुरसत नव्हे, ही बेकारी आहे. त्याच्या मुलाने पेंटरच व्हावे असे आम्ही कदापि म्हणणार नाही. त्या मुलाने अभियांत्रिकीला प्रवेश घेतला आहे आणि त्याचा आनंद त्या पेंटरइतकाच आम्हांसही आहे.

समितीला आम्ही लेखी कळविले आहे की, छायाचित्र अवश्य छापून घ्यावे, भिंतीच्या मापाचे; परंतु ते भिंतीवर टांगण्यासाठी नव्हे, तर पेंटरच्या हाती देण्यासाठी. त्याला आधी अजिंठ्याला पाठवावे, पहिल्या लेण्यात त्याला हवा तितका वेळ बसू द्यावे, मग भिंत त्याच्या स्वाधीन करावी. मजुरी बाजारभावाने द्यावी; श्रद्धेच्या नावाखाली फुकट काम करून घेऊ नये. आणि देणगीदारांची संगमरवरी पाटी जेथे बसणार आहे, तेथेच त्याचेही नाव यावे. समितीचा निर्णय हा लेख लिहीपर्यंत कळलेला नाही. शेवटच्या सूचनेवर एका सदस्याने विचारले म्हणे की, पेंटरचे नाव पाटीवर घालण्याची प्रथा कोठे आहे?

पितळखोऱ्याच्या लेण्यात उत्खननात एक बुटका, पोट सुटलेला, गालभर हसणारा यक्ष मिळाला. सध्या तो नवी दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. घडविणारा पाथरवट नव्हता. हिरण्यकार म्हणजे सोनार होता, आणि त्याच्या कानांतील व गळ्यातील दागिन्यांचे बारीक काम पाहिले की ते पटते. दोन हजार वर्षांपूर्वी त्याने आपले नाव दगडात कोरून ठेवले: कान्हदास. कोरण्यासाठी त्याने जागा निवडली ती यक्षाच्या हाताची, पंजाच्या पाठीवर.